शिजलेलं बेणं

हळद काढायला लागलो की महिनाभर आमच्या घरात पिवळं नाही असं काही उरायचं नाही. मायचे तळहात, अण्णांच्या टाचा, घागरीचा काठ, माझ्या वहीची पानं, भाकरीच्या कडा, सगळं पिवळं. मळा गावापासून हाकेच्या अंतरावर, हट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. सकाळी इंजिनाची पुकपुक सुरू व्हायची, मग वाळलेला पाला ओढल्याची खसखस, मग हळद खुडणाऱ्या बायांच्या गप्पा, आणि दुपारी या सगळ्यावर कढईतल्या हळदीचा मातकट, उग्र वास येऊन बसायचा. माय अकरा माणसांच्या भाकरी थापायची. तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी आणि तव्यावरच रगडलेला ठेचा. त्या ठेच्याची चव अजून जिभेवर आहे. बाकी त्या दिवसांतलं मला आठवतं ते म्हणजे भ्या. उगाच सौम्य शब्द शोधत नाही, मी लहानपणी सतत घाबरलेली होते.

कशाला घाबरायची? माराला नाही. मार सगळ्याच लेकरांना बसायचा आणि जिरायचा. मी घाबरायची प्रश्नाला. "रुखमे, गोठ्याची कडी लावली का?" एवढं कुणी विचारलं तरी पुरे व्हायचं. कारण मी ती लावली होती की नाही, हे मला खरंच ठाऊक नसायचं. कडी लावायला निघाले होते हे आठवायचं. वाटेत कोंबडी अंड्यावरून उठली होती हे आठवायचं. पुढचं कोरं. मग मी "व्हय" म्हणून टाकायची आणि मागच्या मागं पळत जाऊन बघायची. हा "व्हय" माझ्या तोंडात कायम तयार असे. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी तो देऊन मोकळी व्हायची. शाळेत गुरुजी म्हणत, "रुखमिणीचं अंग हजर मांडा, बाकीची गैरहजर." वर्ग हसायचा, मीही सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला स्वतःवरच हसावं लागतं, तेव्हा आत काय होतं हे हसणाऱ्यांना कधी कळत नाही.

आणि तोंड तर असं की पोटात काही राहायचं नाही. माझी एकुलती एक मैत्रीण मंगल. तिला बघायला पाव्हणे येऊन गेले, हे तिनं मला विहिरीवर शपथ घालून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी ते सगळ्या वर्गासमोर बोलून गेले. वाईट हेतू काही नव्हता. ते बाहेर आलं, मला कळायच्या आधी. मंगल चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोरं घेऊन आली आणि म्हणाली, "तू अशीच हाईस, आता काय करावं?" इतकं उदार मन पुढच्या आयुष्यात मला फार कमी माणसांचं दिसलं.

माझे वडील, अण्णा, माझ्या उलट. म्हणजे मला तसं वाटायचं. कमी बोलायचे, लागवडीपासून काढणीपर्यंत सगळं त्यांच्या वेळेवर. त्यांची एकच गंमत होती, उपरण्याला गाठी मारायची. बियाणं आणायचं, एक गाठ. वैद्याकडे जायचं, दुसरी. दिवेलागणीला जेवायला बसले की ते उपरणं मांडीवर घेऊन एकेक गाठ मायला दाखवायचे. "ही कशाची?" माय भाकरी उलटता उलटता सांगायची, "ती खुरप्याला धार लावायची." मग ते गाठ सोडायचे. जिचं काम आठवलं नाही ती गाठ तशीच राहायची, माय उपरणं गाठीसकट धुवायची. आम्हाला तो त्यांचा पद्धतशीरपणा वाटायचा.

परवा नातीला घेऊन मुलगा आणि मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. नात तेराची आहे. वर्गातल्या पोरींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलंय, आणि ती हल्ली बाथरूममध्ये जाऊन रडते. बाईंनी तिला खूप वेळ खेळवलं, बोलतं केलं आणि मग आम्हाला एडीएचडी म्हणजे काय ते समजावलं. लक्ष टिकत नाही, निरोप अर्धा पोचतो, तोंडातून शब्द निसटतो, आणि सारखी बोलणी खाऊन खाऊन या वयात मूल आतून भेदरून जातं. मी आयुष्यभर अंगणवाडी चालवली, शेकडो लेकरं हाताखालून गेली, पण भेदरून जातं हे कुणी मला पहिल्यांदाच असं तोंडावर सांगत होतं. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?" मी म्हणाले, "मला. आणि माझ्या वडिलांना." मुलगा म्हणाला, "आजोबांना? ते तर किती शिस्तीचे होते!" त्याला गाठींचं माहीत नाही. म्हणून हे लिहितेय.

हळदीचं थोडं सांगायला हवं. रोपाखाली मधोमध जाड गड्डा असतो आणि त्याला बोटांसारखी हळकुंडं फुटतात. हळकुंडं शिजवून, वाळवून बाजारात जातात. गड्ड्यांतले भरदार, डोळे शाबूत असलेले तेवढे निवडायचे. ते पुढच्या सालाचं बेणं. उरलेले चिरलेले, पोचट, कीड लागलेले गड्डेही शिजवून विकायचे. बेणं कच्चंच ठेवायचं, सावलीत, वर हळदीचा पाला आणि मातीचा लेप. त्या वर्षी अण्णा आणि मायनं आठ दिवस बसून एकेक गड्डा हातात फिरवून बेणं निवडलं होतं. ते नेहमीपेक्षा जास्त होतं, कारण त्यात आत्याचंही होतं. आत्याचा नवरा वारलेला. दिरांशी झगडून तिला त्या साली पहिल्यांदा स्वतःचा अर्धा एकर मिळाला होता, आणि आमच्या घरची रीत अशी की बेण्याची पहिली टोपली माहेरवाशिणीची. ती भरून गेल्याशिवाय आमच्या रानात लावण सुरू होत नसे.

त्या दिवशी सकाळीच माझ्या हातून दूध उतू गेलं. चुलीपाशी बसले होते, दुधाकडेच बघत होते, तरी गेलं. माय म्हणाली, "तुझ्या हातानं येक काम धड होत न्हाई. सासरी काय दिवे लावशीन गं?" अण्णांना वसमतच्या बाजाराला जायचं होतं, इंजिनाचा काहीतरी भाग आणि गोणपाट आणायला. ते मला मळ्यात घेऊन गेले. गड्ड्यांचे दोन ढीग होते, एक कडुलिंबाखाली, एक विहिरीपाशी. अण्णा म्हणाले, "रुखमे, आज तुझ्यावर सोडून जाऊन राहिलो. इकडं ध्यान दे." आणि ते कोणता ढीग कढईला द्यायचा हे सांगू लागले. नेमकी त्याच वेळेला रस्त्यानं धनगरांची मेंढरं चालली होती, आणि एका घोड्यावरच्या झोळीतून नुकत्याच जन्मलेल्या कोकराचं एवढंसं तोंड बाहेर डोकावत होतं. ते जिवंत आहे हेच आधी मला खरं वाटेना. मग त्यानं जांभई दिली.

"ध्यानात आलं का?"

"व्हय."

अण्णा गेले. माझ्या कानात लिंब आला होता, विहीर आली होती, कढई आली होती. तिन्ही शब्द पोचले होते. ते एकमेकांना कसे जोडायचे, तेवढंच पोचलं नव्हतं.

कढई लावायला सोनाजीकाका होते. पिकल्या मिशांचे, आमच्याकडे दरसाल येणारे. कढईतली हळद शिजली की नाही हे ते गवताची काडी टोचून सांगत. त्यांनी जाळ लावला, पाणी चढवलं आणि विचारलं, "रुखमाबाई, कोणचा ढीग घ्यायचा?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की मी ऐकलं नाही. मायला विचारून येते. घर हाकेवर होतं. पण सकाळचं दूध अजून चुलीवर करपलेलं होतं, आणि अण्णांनी पहिल्यांदाच माझ्यावर मळा सोडला होता. मी बोट केलं. "लिंबाखालचा."

सोनाजीकाका जाऊन एक गड्डा उचलून आले. "लई निवडक दिसून राहिलेत, बाई. मालक बराबर हेच बोलले ना?"

"व्हय मनलं ना काका!" मी खेकसलेच. घाबरलेलं माणूस फार ठासून बोलतं.

तीन कढया लागल्या. वर पाला, त्यावर ओलं गोणपाट, कडेनं फेस. मी उगाचच इकडून तिकडं फिरत होते, मोठ्या माणसासारखी सूचना देत. तिसरी कढई उतरली तेव्हा सोनाजीकाका घाम पुसत विहिरीकडे बघून म्हणाले, "पण बेणं असं उन्हात काहून ठेवलं मालकानं? बेण्याला त सावली लागते."

ते बोलले आणि बोलता बोलताच थांबले. आम्ही दोघांनी एकदमच लिंबाखाली बघितलं. तिथं आता फक्त मातीत उमटलेला गोल होता. शिजलेलं बेणं उगवत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं.

"बाई," सोनाजीकाका हळूच म्हणाले, "मालकाला सांगा. आजच सांगून टाका."

"सांगते."

पण मी जे केलं ते वेगळंच. खुडणाऱ्या बाया भाकर खाऊन उठल्या तशी मी त्यांना म्हणाले, "अण्णानं सांगितलंय, विहिरीपाशचं बेणं लिंबाखाली न्या." त्यांनी टोपल्या भरल्या. तासा-दीड तासात तो चिरलेल्या, पोचट गड्ड्यांचा ढीग बेण्याच्या जागी जाऊन बसला. वर पाला टाकला, पाणी मारून मातीचा लेप दिला. लेप मी माझ्या हातांनी दिला. आयुष्यात कोणतंच काम मी इतक्या नेटानं, मध्ये न उठता केलं नव्हतं.

चार वाजता अण्णा आले. लेप बघून खूश झाले. "झाकून बी टाकलं? वा!" मायला घरी जाऊन म्हणाले, "पोरगी हाताशी आली." त्या रात्री माझ्या ताटात तूप वाढलं गेलं.

मग सुरू झाले ते तीन महिने. शिजलेले गड्डे खळ्यावर वाळत पडले होते. अण्णा ते हातात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "औंदा गड्डा लई भारी निघाला बघा." मी तिथून काहीतरी निमित्त काढून पळायची. सोनाजीकाका काम संपवून गेले, पण गावात दिसायचे. माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. एकदा पारावर गाठून म्हणाले, "माझ्यानं बी मालकाला सांगवंना, बाई. इतकी सालं कढई लावतो, बेणं ओळखू आलं न्हाई मनतेन लोक. पुढं कोण बोलवंन मला?" म्हणजे मी माझं भ्या त्यांच्याही घरात नेऊन ठेवलं होतं.

पोटात काही न राहणाऱ्या पोरीला पोटात दगड ठेवून जगायचं होतं. एकच उपाय मला सुचला, बोलायचंच नाही. मंगल यायची, मी झोपल्याचं सोंग घ्यायची. ती शाळेत जवळ बसायची, मी जागा बदलायची. तिच्याजवळ बसले असते तर पहिल्या दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. एक दिवस तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "म्या काय केलं गं तुला?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर ती आली नाही. तिचं लग्न ठरलं तेही मला दुसऱ्यांकडून कळलं. आज लिहिताना हे सगळ्यात जास्त दुखतं. बेणं पुन्हा मिळतं.

माझं खाणं तुटलं. मायनं मीठ-मोहरी उतरवली, "पोरीला नजर लागली" म्हणून शेजारणींना सांगितलं. मी रोज मळ्यात जायची आणि लिंबाखालच्या त्या ढिगाभोवती फिरायची. लेपाला भेग पडली की मला वाटायचं, आतून वास येतोय. कधी खरंच यायचा, कधी नाही. कोणता खरा होता हेही पुढं पुढं कळेना.

आणि सगळ्यात वाईट होती ती दिवेलागणीची वेळ. अण्णांच्या उपरण्याच्या कोपऱ्याला एक गाठ होती, हळद शिजवल्याच्या दिवसापासूनची. रोज जेवताना ते ती पुढं धरत. "ही कशाची असंल?" माय म्हणायची, "मला न्हाई ठाव. तुमी वसमतला गेला तवा मारलेली दिसते." मग अण्णा माझ्याकडे वळायचे. "रुखमे, तुला आठवतं का?" त्यांच्या मनात काही नसायचं, सहज विचारायचे. पण मला वाटायचं, यांना सगळं कळलंय आणि हे रोज मला एक संधी देऊन राहिलेत. मी मान हलवायची, नाही. अण्णा गाठीकडे बघत बसायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट बघितलंच नाही. मी माझ्याच भीतीत होते.

मृगाला थोडे दिवस राहिले आणि आत्या बैलगाडी घेऊन आली. नवं लुगडं नेसली होती. गाडीत रिकामी पोती आणि एक टोपली, हळदीकुंकू लावलेली. सोनाजीकाकांना ढीग उकरायला बोलावलं होतं. आत्या लिंबाखाली बसून मायला सांगत होती, "दीर बांधावर उभे राहून हासतेत. मनतेत, बाईच्या रानात काय उगवंन? मी मनलं, माझ्या भावाच्या हातचं बेणं हाय, बघा मग." सोनाजीकाकांनी खोऱ्यानं लेप फोडला. पाला बाजूला केला. आंबूस वास आला, या वेळी खराच. वरचे दोन-चार गड्डे बोट लावताच दबले.

"उगं वरवरचे असतेन," आत्या म्हणाली आणि टोपली पुढं सरकवली. अण्णांनी खाली वाकून ओंजळ भरली. आत्यानं डोक्यावर पदर घेतला.

मी ठरवलं वगैरे काही नाही. ते निसटलं, मंगलचं गुपित निसटलं होतं तसंच. "आत्या, ते बेणं न्हाई! बेणं म्या शिजवलं!"

अण्णांनी ओंजळ खाली ठेवली आणि सोनाजीकाकांकडे बघितलं. काका खोरं टाकून पुढं आले. "मालक, चूक माझीच..."

"न्हाई! त्यांनी इचारलं व्हतं. दोनदा इचारलं व्हतं. तुमी काय सांगितलं ते मला ऐकूच आलं नव्हतं, अण्णा. म्या व्हय मनलं, पण ऐकू आलं नव्हतं."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. आम्ही सगळे तिन्हीसांजेपर्यंत तो ढीग निवडत बसलो. सोनाजीकाका, अण्णा, माय, आत्या, मी. निम्म्याहून कमी धड निघालं. पहिली टोपली आत्याचीच गेली, तिचा अर्धा एकर लागला आणि उगवलाही. आमच्या रानात त्या वर्षी हळद नव्हती, ज्वारी होती. सोनाजीकाका पुढची कितीतरी सालं आमच्याकडेच कढई लावायला आले.

पण त्या क्षणी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णा माझ्याकडे चालत आले. त्यांचा हात वर उठला आणि मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून हातात घेतलं होतं आणि त्या कोपऱ्याकडे ते एकटक बघत होते. मग ते तिथंच मातीत खाली बसले.

"ही गाठ," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "ही म्या वसमतच्या बाजारात मारली व्हती. घरी गेल्याबराबर आधी बेणं हातानं बघायचं मनून. पोरगी एकली हाय, घोळ होईल, येळंवर बघून घेऊ. लेप बघितला आन् इसरलो. तीन म्हैने ही गाठ हातात धरून बसतो रोज, आन् आठवत न्हाई."

अण्णांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"तुला लई भ्या वाटलं?"

मी मान हलवली, व्हय. रडू फुटलं होतं.

"मला बी वाटतं, रुखमे. तुझ्याएवढा व्हतो तवापासून. रोज सकाळी उठलो की वाटतं, आज काय इसरून राहिलो असंन." हे ते मायसमोर, बहिणीसमोर, गड्यासमोर बोलले. आमच्याकडे पुरुष असं बोलत नाहीत.

ते गाठ सोडायला लागले. पण तीन महिने धुऊन धुऊन, पिळून पिळून ती खडा झाली होती. त्यांच्या जाड बोटांना ती धरवेना. त्यांनी दातांनी ओढून बघितली. मग ते टोक माझ्या हातात दिलं.

"तुझी नखं बारीक हाईत. सोड तू."

त्यांनी उपरणं दुसऱ्या बाजूनं घट्ट धरून ठेवलं. मी नख घातलं आणि सोडवायला बसले. बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी दुसरीकडे कुठंही बघितलं नाही, आणि अण्णाही उठले नाहीत.